लघुमूर्ती रंगकामाचा प्रारंभिक संच

हा लेख खेळांतील लघुमूर्ती रंगवण्याच्या साहित्याविषयी आहे. कागदावर किंवा हस्तिदंतावर काढलेल्या चित्रांसाठी 'लघुचित्रकला' हा लेख पाहा.

लघुमूर्ती रंगकामाचा प्रारंभिक संच म्हणजे योद्धे, जादूगार, राक्षस, ड्रॅगन अशा कल्पनारम्य पात्रांच्या छोट्या मूर्ती प्रथमच रंगवू पाहणाऱ्यांसाठी एकत्र बांधून दिलेले साहित्य होय. त्यात सामान्यतः काही न रंगवलेल्या मूर्ती, मोजके ॲक्रिलिक रंग, एक-दोन कुंचले आणि कृती सांगणारी पुस्तिका असते. इंग्लंडमधील गेम्स वर्कशॉप, अमेरिकेतील रीपर, डेन्मार्कमधील द आर्मी पेंटर आणि स्पेनमधील वायेहो या कंपन्या असे संच तयार करतात.

संचाचा मुख्य उपयोग साहित्य पुरवण्यापेक्षा कामाचा क्रम शिकवण्यात आहे. रंगकाम अर्ध्यावर आलेले असताना मूर्ती सर्वांत वाईट दिसते आणि अनेक नवशिके तेथेच काम सोडून देतात. प्रत्येक टप्प्याचे प्रयोजन समजले, तर ही निराशा टाळता येते.

पार्श्वभूमी

छोट्या धातूच्या सैनिकांची परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकात जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे हिल्पर्ट घराण्याने कथलाचे चपटे सैनिक बनवून विकले. १८९३ साली इंग्लंडमधील विल्यम ब्रिटन यांनी पोकळ ओतकामाची पद्धत आणल्यामुळे धातू कमी लागू लागला व सैनिक स्वस्त झाले. कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात अशा सैनिकांनी खेळायच्या युद्धखेळाचे नियम मांडले.

कल्पनारम्य मूर्तींचा प्रसार १९७०च्या दशकात झाला. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या 'चेनमेल' (१९७१) या मध्ययुगीन युद्धखेळाच्या नियमपुस्तिकेला ड्रॅगन व जादूगारांची पुरवणी जोडलेली होती. त्यानंतर गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. लंडनमध्ये १९७५ साली स्थापन झालेल्या गेम्स वर्कशॉपने १९८३ साली 'वॉरहॅमर' हा खेळ आणला. डन्जन्स अँड ड्रॅगन्स मूर्तींवाचूनही खेळता येतो. वॉरहॅमरमध्ये मात्र मूर्तींचे सैन्य हाच खेळाचा पाया आहे.

अशा खेळांत रंगकामालाही महत्त्व आले. 'वॉरहॅमर ४०,०००' या खेळाच्या २०२० सालच्या नियमावृत्तीत सर्व सैन्य किमान दर्जापर्यंत रंगवलेले असल्यास खेळाडूला १०० पैकी १० गुण मिळत. तरीही विकत घेऊन न रंगवता ठेवलेल्या मूर्तींचा साठा बहुतेक खेळाडूंकडे असतो. या छंदातील मंडळी त्याला गमतीने 'लाजेचा ढीग' म्हणतात.

संचातील साहित्य

मूर्ती: या मूर्तींची उंची बहुधा २८ ते ३२ मिलिमीटर असते. नवशिक्यांच्या संचात त्या प्लॅस्टिकच्या असतात व काही संचांत गोंदावाचून नुसत्या दाबून जोडता येतात. हाडांचा सांगाडा, केसाळ पशू किंवा चिलखतधारी योद्धा ही पात्रे सरावाला सोयीची ठरतात. त्यांच्या अंगावरचे उंचसखल भाग ठळक असतात आणि चुका सहज झाकल्या जातात. गुळगुळीत चेहऱ्याची मूर्ती दिसायला सोपी, पण रंगवायला अवघड असते.

रंग: पूर्वी एनॅमल रंग वापरात होते व ते पातळ करण्यासाठी टर्पेंटाइन लागे. आता ॲक्रिलिक रंग रूढ आहेत. या रंगात रंगद्रव्य आणि ॲक्रिलिक रेझिनचे सूक्ष्म कण पाण्यात मिसळलेले असतात. पाणी उडून गेले की कण एकमेकांना चिकटून पापुद्रा तयार होतो व तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणून ओला रंग पाण्याने धुता येतो, वाळलेला धुता येत नाही. मूर्तींसाठीच्या रंगांत रंगद्रव्य बारीक दळलेले व भरपूर असते; त्यामुळे पातळ थरही पृष्ठभाग झाकतो.

कुंचले: संचातील कुंचले बहुधा कृत्रिम केसांचे असतात. नवशिक्याला अगदी बारीक कुंचला हवासा वाटतो; पण त्यात रंग इतका कमी राहतो की तो मूर्तीपर्यंत नेईस्तोवर टोकाशी वाळू लागतो. मध्यम आकाराचा, पण टोकदार कुंचला अधिक उपयोगी पडतो.

लहान आकार आणि प्रकाश

सुमारे २८ मिलिमीटर उंचीची मूर्ती ही माणसाच्या साधारण साठपट लहान प्रतिकृती असते. ती डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर धरली, तर ३६ मीटर अंतरावर उभा असलेला माणूस जेवढा दिसेल, तेवढीच ती दिसते. इतक्या अंतरावरून माणसाच्या वस्त्राच्या चुण्या किंवा बोटांमधील फटी वेगळ्या ओळखू येत नाहीत. मूर्तीवरही सावल्या पडतात, परंतु त्या फार अरुंद असतात. प्रत्येक भाग एकाच सपाट रंगाने नीट भरला, तरी मूर्ती प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखी भासते, ती यामुळेच.

यावर उपाय म्हणजे छाया आणि उजेड दोन्ही रंगानेच दाखवणे. खोलगट भाग मूळ रंगापेक्षा गडद व उंच भाग फिका केला जातो. एरवी नाटकी वाटेल एवढा हा फरक ठेवावा लागतो. हातभर अंतरावरून तोच स्वाभाविक दिसतो. पुढील सर्व कृती या एका तत्त्वावर आधारलेल्या आहेत.

रंगकामाचे टप्पे

पूर्वतयारी: साच्याचे दोन भाग जेथे जुळतात तेथे मूर्तीवर बारीक रेघ उठते. ती पात्याच्या पाठीने खरवडून किंवा बारीक कानशीने घासून काढतात. धातूच्या व रेझिनच्या मूर्तींवर साच्यातील तेलकट अंश राहतो. तो साबणाच्या पाण्याने आणि जुन्या दातांच्या ब्रशने धुवावा लागतो. मूर्ती थेट बोटांत न धरता बाटलीच्या बुचावर चिकटवून घेतली की तिला हाताचे तेल लागत नाही.

अस्तर: गुळगुळीत प्लॅस्टिकवर रंग टिकत नाही, म्हणून आधी प्रायमरचा पातळ हात देतात. काळ्या अस्तरावर खोलगट भाग आपोआप गडद राहतात, तर पांढऱ्या अस्तरावर रंग उजळ दिसतात. करड्या अस्तराचा परिणाम दोहोंच्या मधला असतो. फवाऱ्याचे प्रायमर दमट हवेत खरखरीत होण्याचा संभव असतो. त्यामुळे पावसाळ्यात किंवा समुद्रकाठच्या गावी कुंचल्याने लावायचे प्रायमर सोयीचे पडते.

मूळ रंग: बाटलीतील रंग तसाच न लावता थोडे पाणी घालून दुधाइतका पातळ करतात. एका जाड थराने चेहरा, बोटे, साखळ्या यांतील बारकावे बुजतात. दोन पातळ थरांनी ते शाबूत राहतात. पहिला थर डागाळ दिसणे स्वाभाविक आहे. तो पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा लागतो, अन्यथा अर्धवट वाळलेला पापुद्रा कुंचल्याबरोबर उखडून येतो. क्रम आतून बाहेर ठेवणे सोयीचे असते: प्रथम त्वचा, मग वस्त्रे, त्यावर चिलखत आणि शेवटी पट्टे व शस्त्रे. अशाने हात चुकून लागलेला रंग पुढच्या थराखाली झाकला जातो.

वॉश: हा पाण्यासारखा पातळ, गडद रंग असतो. तो मूर्तीवर पसरला की वाहून खाचांत साचतो आणि वाळल्यावर तेथे छाया उमटवतो. एखाद्या ठिकाणी थेंब साठल्यास तो ओला असतानाच कोरड्या कुंचल्याने टिपून घेतात.

हाच तो निराशेचा टप्पा होय. स्वच्छ दिसणारी मूर्ती वॉशनंतर मळकट होते व केलेले काम बिघडल्यासारखे वाटते. वास्तविक अर्धे काम येथे पुरे झालेले असते, कारण छाया आली असून उजेड यायचा आहे.

उजळ थर: मूळ रंग पुन्हा घेऊन तो फक्त उंच भागांवर लावतात, नंतर त्यात फिका रंग मिसळून कडा उजळतात. खडबडीत भागांसाठी याहून सोपी रीत म्हणजे कोरड्या कुंचल्याचे काम. कुंचला रंगात बुडवून जवळजवळ सगळा रंग कागदावर पुसून टाकतात व उरलेला अंश मूर्तीवरून हलकेच फिरवतात. रंग केवळ उंचवट्यांना लागतो. सांगाड्याच्या बरगड्या या पद्धतीने काही मिनिटांत स्पष्ट होतात आणि मळकट दिसणारी मूर्ती एकाएकी उठून दिसू लागते.

डोळे: गणेशमूर्तींच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी हे कसबी कारागिराचे काम मानले जाते. लघुमूर्तीत बुबुळ म्हणजे कुंचल्याच्या टोकाचा एक ठिपका असतो. पुष्कळ जण डोळे आधी रंगवून मग भोवतीची त्वचा भरतात, म्हणजे चूक दुरुस्त करणे सोपे जाते. पहिल्या मूर्तीत डोळ्यांच्या खाचा नुसत्या गडद ठेवल्या, तरी अंतरावरून चेहरा पटण्याजोगा दिसतो.

बैठक व वॉर्निश: बैठकीवर गोंद लावून वाळू चिकटवतात व ती रंगवतात. नीटनेटकी बैठक साध्या रंगकामालाही पूर्णत्व देते. खेळताना मूर्ती सतत हाताळली जाते. तिचा रंग घासून जाऊ नये म्हणून शेवटी बिनचमकीच्या वॉर्निशचा हात देतात.

मर्यादा आणि पर्याय

संचातील रंग त्यातील मूर्तींपुरतेच निवडलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या पात्रासाठी ते अपुरे पडू शकतात. पांढरा, काळा, लाल, पिवळा आणि निळा एवढे रंग असल्यास बऱ्याच छटा मिसळून मिळवता येतात. धातूची चमक मात्र वेगळ्या रंगावाचून येत नाही. प्रायमर, वॉर्निश व खरवडण्याचे पाते पुष्कळदा वेगळे घ्यावे लागते. सिटाडेल या नाममुद्रेखाली गेम्स वर्कशॉपने २०१९ साली आणलेले 'कॉन्ट्रास्ट' रंग फिक्या अस्तरावर एका थरात मूळ रंग आणि छाया दोन्ही देतात. त्यांनी वेळ वाचतो, पण चूक झाल्यास झाकणे कठीण जाते.

संच घेण्यापूर्वी सराव करायचा असल्यास दुकानात मिळणारे प्लॅस्टिकचे साधे सैनिक चालतात. शालेय जलरंग मात्र प्लॅस्टिकवर धरत नाहीत, आणि चित्रकलेच्या नळीतील ॲक्रिलिक रंग दाट असल्याने बारकावे बुजण्याची शक्यता असते. रंग लवकर वाळू नये म्हणून ओले पॅलेट घरीच करता येते. पसरट डब्यात ओला स्पंज ठेवून त्यावर बेकिंगचा कागद अंथरला की खालचा ओलावा रंगाला मिळत राहतो.

काळजी

कुंचला रंगात केसांच्या अर्ध्यापेक्षा अधिक बुडवू नये. पत्र्याच्या नळीत रंग वाळला की केस फाकतात व टोक कायमचे जाते. कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरण्याची सवय अनेकांना असते. काही रंगद्रव्ये अपायकारक असल्याने ती टाळणे इष्ट. जुन्या धातूच्या मूर्तींत शिसे असू शकते, म्हणून त्या घासल्यावर हात धुणे आणि लहान मुलांपासून त्या दूर ठेवणे आवश्यक आहे. रेझिन घासताना उडणारी धूळ श्वासात जाऊ नये यासाठी ती ओली करून घासतात व मुखपट्टी लावतात. फवारा मोकळ्या हवेतच वापरावा.

पहिली मूर्ती सदोष झाली तरी ती पुसून पुन्हा रंगवण्याऐवजी दुसरी हाती घेणे अधिक उपयुक्त ठरते. संचात एकाहून अधिक मूर्ती असल्यास त्या क्रमाने रंगवून पहिली आणि शेवटची शेजारी ठेवली, तर झालेली प्रगती स्वतःलाच दिसते.

हेही पाहा

लघुचित्रकला
मूर्तिकला
युद्धखेळ
डन्जन्स अँड ड्रॅगन्स