शनिवार-रविवारचा मुशाफिर

परदेशी शिकायला गेलेल्या मुलाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘तिकडे जेवणाचे काय करतोस?’ आणि दुसरा, ‘शनिवार-रविवारी काय करतोस?’ पहिल्या प्रश्नाला मी ‘खिचडी’ असे एका शब्दात उत्तर देत असे. दुसऱ्याचे उत्तरही एकाच शब्दाचे होते, पण ते देण्याचा धीर मला कित्येक महिने झाला नाही. कारण टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाला अण्णा असत आणि खरे उत्तर ‘हिंडतो’ असे होते.

अण्णांनी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात सदतीस वर्षे नोकरी केली. रोज सायकलने जायचे, सायकलने यायचे. या सगळ्या वर्षांत त्यांचा लांबचा प्रवास म्हणजे एकदा काशी आणि दोनदा पंढरपूर. २०१७ साली मला जर्मनीत आखेनला प्रवेश मिळाला, तेव्हा त्यांनी राहते घर बँकेकडे गहाण टाकले आणि विमानतळावर एवढेच म्हणाले, “शिकायला चाललास, हे ध्यानात ठेव.”

आता थोडा हिशेब सांगतो, कारण या गोष्टीत हिशेबालाच फार महत्त्व आहे. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात त्या वेळी आम्हाला शिकवणीची फी नव्हती. पण विद्यार्थ्याने वर्षाच्या खर्चाचे ८,६४० युरो आधीच एका बंद खात्यात ठेवावे लागत आणि त्यातून महिन्याला ७२० युरो हाती पडत. त्यात खोलीचे भाडे, विमा, पुस्तके आणि पोट. मौजमजेला त्यात जागाच नव्हती. पण विद्यापीठ सहा महिन्यांची जी किरकोळ वर्गणी घेई, तिच्यात एक जादूचा कागद मिळे. त्याचे नाव सत्राचे तिकीट. तो खिशात असला, की नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालिया या सबंध राज्यात, कोणत्याही दिवशी, कोणत्याही साध्या आगगाडीत खुशाल बसावे. पैसे आधीच भरलेले! फुकटचे तिकीट खिशात असताना खोलीत बसून राहणारा मराठी माणूस मला दाखवा.

शिवाय जर्मनीतला रविवार! दुकाने बंद, रस्ते सामसूम. भिंतीत खिळा ठोकला, तर शेजारीण दार वाजवते. अशा दिवशी परक्या मुलुखातल्या चौकोनी खोलीत एकट्याने बसणे म्हणजे काय, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. तेव्हा पहिल्या महिन्यातच मी पाठीवर पडशी टाकली आणि बाहेर पडलो.

सुरुवात घरापासून केली. आखेन हे एका काळी युरोपचे राजधानीचे गाव होते, हे मला तिथे गेल्यावर कळले. शार्लमेन बादशहाने सुमारे बाराशे वर्षांपूर्वी इथे बांधलेले देऊळ आजही उभे आहे. ९३६ ते १५३१ या काळात जर्मन राजांचे राज्याभिषेक इथेच झाले. माडीवर त्याचे सिंहासन आहे आणि ते पाहायला वाटाड्याबरोबरच जावे लागते. मी हिरे-माणके पाहायच्या तयारीने गेलो, तर पुढे सहा पायऱ्या आणि वर संगमरवराच्या साध्या फळ्यांची खुर्ची! एवढ्यात वाटाड्याने बाजूच्या फळीवरच्या रेघा दाखवल्या. एकात एक असे चौकोन, मधून जोडणाऱ्या रेषा. “हा एक जुना खेळ आहे,” तो सांगू लागला. मी मनात म्हटले, गृहस्था, मला काय सांगतोस! ही तर आमची नवकंकरी! आमच्याकडे गडांवर, लेण्यांत, देवळाच्या ओट्यांवर रिकामटेकड्यांनी हाच पट कोरून ठेवला आहे. ती फळी सिंहासनाची होण्यापूर्वी तिच्यावर बसून कोणीतरी वेळ घालवला होता. बादशहापेक्षा त्या रिकामटेकड्याशी माझे नाते अधिक जवळचे वाटले आणि आखेन गाव त्या क्षणापासून परके राहिले नाही.

आखेनची दुसरी गंमत म्हणजे ते तीन देशांच्या शिवेवर आहे. विद्यापीठाच्या मागच्या बाजूने चालत निघाले, की तासा-दीड तासात हॉलंडातले फाल्स गाव लागते. तिथल्या टेकडीवर एक खांब रोवला आहे. त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, की जर्मनी, हॉलंड आणि बेल्जियम असे तीन देश पालथे घातल्याचे पुण्य मिळते. ही टेकडी म्हणजे हॉलंडच्या युरोपातल्या भूमीचे सर्वांत उंच ठिकाण. उंची किती? ३२२ मीटर! आमचे पुणे शहरच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर आहे. म्हणजे लक्ष्मी रोडवर भाजी घेणारी बाई हॉलंडच्या शिखरापेक्षा उंचावर उभी असते.

पण त्या खांबाशी उभे राहिले, की थट्टा मावळते. या शिवांसाठी युरोपात दोन महायुद्धे झाली. आज तिथे चौकी नाही, पहारा नाही. पोरे आईस्क्रीम खात एका देशातून दुसऱ्या देशात पळतात. १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या खेड्यापाशी, नदीतल्या एका बोटीवर, पाच देशांनी शिवेवरचे पहारे उठवण्याचा करार केला. तो १९९५ पासून अमलात आला. माझ्या पारपत्रावरचा जर्मनीचा परवाना दाखवून मीही त्या देशांत थोड्या दिवसांसाठी जाऊ शकत होतो, ती त्या कराराचीच कृपा.

मग कोलोन झाले. तिथल्या मोठ्या चर्चचा पाया १२४८ साली घातला, तेव्हा आपल्या ज्ञानदेवांचा जन्मही व्हायचा होता. ते पुरे झाले १८८० साली, म्हणजे ‘केसरी’ निघण्याच्या जेमतेम आदल्या वर्षी! मध्ये काम शेकडो वर्षे बंदच होते आणि अर्धवट मनोऱ्यावर दगड चढवण्याची यारी तशीच उभी होती. मी ५३३ पायऱ्या चढून वर गेलो आणि ऱ्हाइनकडे पाहत डब्यातली पोळी-भाजी खाल्ली. आमच्याकडे एखादा पूल दहा वर्षे रखडला, की आपण हताश होतो. इथे सहाशे बत्तीस वर्षे लागली, तरी कोणी नाद सोडला नाही.

बॉनला लोक बेथोव्हेनचे घर पाहायला जातात. मीही गेलो. पण मला अधिक भावली ती दुसरीच हकीकत. तिथल्या विद्यापीठात १८१८ साली श्लेगेल नावाचा पंडित आला. त्याने देवनागरीचे खिळे पाडून घेतले आणि १८२३ साली भगवद्गीता मूळ संस्कृतात, लॅटिन भाषांतरासह छापली. ज्या गावात मला ‘दूध’ मागताना जीभ अडखळत होती, तिथे दोनशे वर्षांपूर्वी कोणी ‘धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे’चे खिळे जुळवत बसला होता!

असे शनिवार-रविवार जात होते. शुक्रवारी रात्री पोळ्या करायच्या, बटाट्याची कोरडी भाजी, लसणाची चटणी, पाण्याची बाटली. मुक्कामाची वेळ आलीच, तर आठ जणांच्या खोलीतली सर्वांत स्वस्त खाट. विकत काही घ्यायचे नाही. पाहायला पैसे पडत नाहीत ते सारे पाहायचे. परतीच्या गाडीत गुडघ्यावर वही ठेवून अभ्यास करायचा, निदान तसा बेत असे.

पण हिशेबी माणूसही कधीतरी चुकतोच. जानेवारीत ऱ्हाइनच्या काठाकाठाने कोब्लेंत्सला निघालो. खिडकीतून डोंगर, द्राक्षाचे मळे, उंचावरचे किल्ले दिसू लागले आणि माझे भान हरपले. बॉनच्या पलीकडे राज्याची हद्द संपते आणि तिथेच माझ्या जादूच्या कागदाची जादूही संपते, हे मी विसरलो. तिकीट तपासनीस विसरला नव्हता. साठ युरो दंड! साडेचार हजार रुपयांच्या घरात. मी किती विनवण्या केल्या. त्याने सभ्यपणे मान हलवली आणि पावती फाडली. चूक माझी होती. ती पावती मी पाकिटात जपून ठेवली आणि अण्णांना काही सांगितले नाही.

फेब्रुवारीत दुसरा फटका बसला. एका विषयात नापास झालो. तिकडचा नियम कडक आहे: एकाच विषयात तिसऱ्यांदा नापास झालात, की त्या अभ्यासक्रमाचे दार तुम्हाला कायमचे बंद. हे मात्र सांगावे लागले. अण्णा रागावले नाहीत. थोडा वेळ थांबून म्हणाले, “शनिवार-रविवार मिळतात ना अभ्यासाला?” मी “हो” म्हणालो. त्या ‘हो’चे ओझे मला साठ युरोंपेक्षा जड झाले.

दोन महिने मी आखेन सोडले नाही. एप्रिलमध्ये एक सहाध्यायी बेल्जियममधल्या ईप्रला जात होता, त्याच्या मोटारीत जागा होती. एकच रविवार, असे स्वतःला बजावून गेलो. पहिल्या महायुद्धात ते गाव पार धुळीला मिळाले होते. तिथे मेनिन गेट नावाची प्रचंड कमान आहे. ज्यांची थडगी सापडली नाहीत, अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे तिच्यावर कोरली आहेत आणि १९२८ पासून तिथे रोज रात्री आठ वाजता बिगूल वाजतो. दुसऱ्या महायुद्धात गाव जर्मनांच्या ताब्यात होते तेवढाच काय तो खंड. बिगूल संपला. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, “भारतातले ना? मग इथून खाली फ्रान्समध्ये न्यूव्ह-शापेलला जा. तुमच्या माणसांची जागा ती.”

सकाळी मित्राला सोडून मी लीलला गेलो, तिथून लहानशा गाडीने ला बासे आणि पुढे पाच किलोमीटर पायी. दोन्ही बाजूंना सपाट, ओली शेते. एका तिठ्यावर अचानक पांढऱ्या दगडाचे गोल कुंपण दिसले. अर्ध्या भागाला आपल्याकडच्यासारखी दगडी जाळी, कोपऱ्यांवर छत्र्या आणि मध्ये अशोकस्तंभाच्या धर्तीचा पंधरा मीटर उंचीचा खांब! फ्रान्सच्या शेतात ते पाहून मी रस्त्यातच उभा राहिलो. हर्बर्ट बेकर या वास्तुशिल्पज्ञाने रचलेले हे स्मारक १९२७ साली खुले झाले. तिथे ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. ज्यांची चिता नाही आणि कबरही नाही अशांची.

पलटणीवार नावे वाचत चाललो आणि ‘सॅपर्स अँड मायनर्स’वर थबकलो. त्यांची तिसरी पलटण म्हणजे आपली बॉम्बे सॅपर्स. ठाणे कुठले? खडकी! ज्यांच्या फाटकावरून मी शाळेला जात होतो, ते. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी त्यांच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपनीला ४७व्या शीख पलटणीबरोबर याच गावावर धाडले. पूल बांधणारी, खंदक खणणारी कारागीर माणसे. पण पायदळ अपुरे पडले, म्हणून त्यांच्या हाती संगीन दिली. ती गावात घुसली, घराघरातून लढली आणि मदत न आल्याने मागे फिरली तेव्हा फार थोडी उरली होती. मराठे, शीख, मुसलमान. मार्सेय बंदरात उतरून त्यांना जेमतेम महिना झाला होता. त्यांनाही कोणी निरोप देताना काही सांगितले असेल.

मी अण्णांना टेलिफोन लावला. तिकडे संध्याकाळच्या चहाची वेळ.

“कुठे आहेस?”

“फ्रान्समध्ये.”

बराच वेळ आवाज नाही. मग मी सगळे सांगून टाकले. कोलोन, बॉन, साठ युरोंचा दंड, खोटा ‘हो’ आणि शेवटी समोरची भिंत. अण्णा म्हणाले, “सॅपर्सची नावे आहेत म्हणतोस? वाच.”

मी वाचू लागलो. रोमन अक्षरांत मोडकीतोडकी झालेली आपली नावे. कित्येकांना आडनावदेखील नाही. अण्णा मधूनच म्हणत, “हळू वाच.” बोटे गारठली तेव्हा मी म्हटले, “अण्णा, आता गाडीची वेळ होईल.”

“सगळी झाली?”

“नाही.”

“मग वाच. गाडी दुसरी मिळेल. सदतीस वर्षे मी त्या फाटकावरून सायकल मारली. आतल्या माणसांनी कुठे जाऊन काय केले, हे मला कोणी सांगितले नव्हते.”

गाडी खरोखरच चुकली. पुढची दोन तासांनी होती. त्या दोन तासांत फलाटावर बसून मी नापास झालेल्या विषयाची वही उघडली आणि त्या दिवशी ती खरोखरच वाचली. पुढच्या खेपेस तो विषय सुटला. नंतरचे शनिवार-रविवार मी हिंडलो, पण सांगून हिंडलो. आणि रविवारी रात्री अण्णांना गावाची हकीकत आणि खर्चाचा आकडा दोन्ही कळवण्याची रीत पडली. पुढेपुढे ते शुक्रवारीच विचारू लागले, “या खेपेस कुठे?”

बँकेचे कर्ज फिटून घराचे कागद परत आले त्याला आता काही वर्षे झाली. घरी पाहुणे आले, की अजूनही कोणी विचारतेच, “तिकडे शनिवार-रविवारी काय करत होता हो हा?” मी तोंड उघडण्याच्या आत अण्णा उत्तर देतात. म्हणतात, “हिंडत होता.” आणि मग कपाटातून साठ युरोंच्या दंडाची पावती काढून दाखवतात.