शिसपेन्सिलीचं गाव, सुईचं गाव

शिसपेन्सिलीत शिसं नसतं. कधीच नव्हतं! तरी आपण पिढ्यान्‌पिढ्या तिला शिसपेन्सिलच म्हणत आलो. या गोड गैरसमजाचं मूळ शोधायचं, तर इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका डोंगराळ खेड्यात जावं लागतं.

लेकीकडे किंवा मुलाकडे महिनाभर इंग्लंडला गेलेल्या मंडळींचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. बिग बेन, लंडन आय, ब्रिटिश म्युझियम, जमलं तर बाथ आणि स्टोनहेंज. ते सगळं बघाच. पण एखादा शनिवार राखून ठेवा आणि गाडी खेड्याकडे वळवा. लंडनच्या मोठ्या संग्रहालयांत जगभरातून आणलेल्या वस्तू असतात. खेड्यातल्या छोट्या संग्रहालयात वस्तू जिथली तिथेच असते: झाड त्याच मातीत, विहीर त्याच आडरानात, डॉक्टरांची झोपडी त्याच परसात. अशा छोट्या संग्रहालयांची खरी गंमत हीच! चला, एक धावती चक्कर मारू.

पेन्सिलीच्या पोटात नकाशा

लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिक गावात पेन्सिलींचं संग्रहालय आहे. जवळच्या बॉरोडेल खोऱ्यात सोळाव्या शतकात काळा, मऊ, चकचकीत दगड सापडला. वादळात एक मोठं झाड उन्मळलं आणि त्याच्या मुळांशी तो दिसला, असं तिथले लोक सांगतात. मेंढपाळांनी त्याने आपापल्या मेंढ्यांवर खुणा करायला सुरुवात केली. काळा आणि मऊ आहे, म्हणजे शिशाचाच प्रकार असणार, असं लोक धरून चालले. तो होता ग्राफाइट, म्हणजे शुद्ध कार्बन. हिऱ्याचा सख्खा भाऊ!

तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून लावायला हा दगड लागायचा, त्यामुळे त्याला सोन्यासारखा भाव आला. खाणीवर हत्यारी पहारा बसला आणि १७५२ मध्ये तर त्याची चोरी हा गंभीर गुन्हा ठरवणारा कायदाच पार्लमेंटने केला. १८३२ मध्ये केझिकला पेन्सिलींचा कारखाना निघाला.

संग्रहालयात सुमारे आठ मीटर लांबीची पिवळीधमक रंगीत पेन्सिल टांगलेली आहे. पण मुलांना तिथून हलवणं कठीण जातं ते एका साध्या दिसणाऱ्या छोट्या पेन्सिलीपाशी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांसाठी ती गुपचूप बनवली गेली. पोटात गुंडाळी केलेला पातळ नकाशा, खोडरबराखाली इवलंसं होकायंत्र. शत्रूच्या मुलखात विमान पडलं, तर घरची वाट सापडावी म्हणून! ही युक्ती चार्ल्स फ्रेझर-स्मिथ यांची. जेम्स बाँडला अजब यंत्रं पुरवणारा ‘क्यू’ त्यांच्यावरूनच सुचला, असं मानतात.

सुईच्या नेढ्यातून निघालेली बुलेट

वूस्टरशरमधल्या रेडिच गावी फोर्ज मिल नावाचं सुयांचं संग्रहालय आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात जगातल्या दहापैकी नऊ सुया या एका परिसरातून जायच्या, असं सांगतात. आपल्या पणजीच्या शिवणाच्या डब्यातली सुईही कदाचित रेडिचचीच असेल.

सुई बनायची कशी, ते इथे अगदी जवळून बघायला मिळतं. आधी दोन सुयांच्या लांबीची तार तोडायची. तिच्या दोन्ही टोकांना धार लावायची. मधोमध दोन नेढी पाडायची आणि मग मधूनच मोडायची. झाल्या दोन सुया! पण त्या असतात काळ्या आणि खरखरीत. मग हजारो सुया मऊ साबण आणि कुरुंदाच्या पुडीसह जाड कापडात घट्ट बांधायच्या आणि पाणचक्कीवर चालणाऱ्या जड लाकडी पाटांखाली ते गाठोडं पुढे-मागे लाटत राहायचं. सोडायचं, धुवायचं, पुन्हा बांधायचं, पुन्हा लाटायचं. आठवडाभर हेच चालायचं. तेव्हा कुठे सुईला ती चमक यायची. तिथली पाणचक्की आजही शाबूत आहे.

या चमकेची किंमत जबर होती. मूठभर तारा सहाणेवर धरून टोकं काढणाऱ्या कारागिराच्या छातीत दगडाची आणि पोलादाची धूळ साठत जायची. बहुतेक जण पस्तिशीच्या आसपास जायचे. धूळ ओढून घेणारे पंखे आले, तेव्हा काही कारागिरांनीच त्यांना विरोध केला, कारण जिवावरच्या कामाला मिळणारी जास्तीची मजुरी जाईल अशी त्यांना भीती होती. सुई हातात घेताना ही माणसं आठवायला हवीत.

आता खरी मेजवानी! याच रेडिचजवळ १८५१ मध्ये जॉर्ज टाउनसेंड यांनी सुयांचा कारखाना काढला. तो पुढे सायकली बनवू लागला, त्यातून एनफिल्ड सायकल कंपनी उभी राहिली आणि १९०१ मध्ये तिची पहिली मोटरसायकल आली. होय, तीच रॉयल एनफिल्ड! १९५५ पासून ती मद्रासला जुळू लागली. आपल्या रस्त्यांवर धडधडत जाणाऱ्या बुलेटचं कुळ असं सुईपर्यंत जाऊन पोचतं.

रड्याचं जन्मगाव

जगासाठी ते लॉरेल आणि हार्डी, आपल्यासाठी जाड्या-रड्या. डोकं खाजवत केविलवाणं रडणारा आपला रड्या, म्हणजे स्टॅन लॉरेल, १६ जून १८९० रोजी लेक डिस्ट्रिक्टजवळच्या अल्व्हर्स्टन गावात, एका साध्या चाळवजा घरात जन्मला. मूळ नाव आर्थर स्टॅन्ली जेफर्सन. त्याच गावातले माजी महापौर बिल क्युबिन यांनी हौसेने जमवलेल्या पोस्टर, पत्रं, फोटोंच्या पसाऱ्यातून १९८३ मध्ये संग्रहालय उभं राहिलं. आता ते रॉक्सी या जुन्या चित्रपटगृहाच्या इमारतीत आहे. तिथे बसून जाड्या-रड्याचे चित्रपटही बघता येतात.

गावात गाव, त्या गावात गाव

कॉट्सवोल्ड्समधल्या बोर्टन-ऑन-द-वॉटर गावात त्याच गावाची एक-नवमांश आकाराची प्रतिकृती आहे. १९३७ मध्ये, सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, ती खुली झाली. घरं त्याच पिवळसर स्थानिक दगडाची, कातरून बुटकी ठेवलेली झाडं खरीखुरी, वाहणारं पाणीही खरं. आता नीट विचार करा. गावाची हुबेहूब प्रतिकृती करायची, तर गावात असलेली ही प्रतिकृतीही तिच्यात हवी. ती आहे! आणि त्या छोट्या प्रतिकृतीतही आणखी छोटी आहे. नातवंडांना गुडघ्यावर बसवा आणि आत आत किती गावं दिसतात ते मोजायला सांगा.

पटापट चार

• नॉर्थॅम्प्टनशरच्या लॅम्पोर्ट हॉलमध्ये ‘लँपी’ राहतो. सर चार्ल्स आयशॅम यांनी १८४० च्या दशकात जर्मनीहून मातीचे २१ बुटके बागेत आणले, त्यांतला हा एकटा उरलेला. इंग्लंडभरच्या बागांत दाढीवाले, टोपीवाले बुटके दिसतात, त्यांचा हा खापरपणजोबा.

• लीड्स कॅसल लीड्स शहरात नाही, तो केंटमध्ये आहे. तिकीट काढताना गाव नीट बघा! तिथे कुत्र्यांच्या पट्ट्यांचं संग्रहालय आहे. सर्वांत जुने पट्टे अणकुचीदार खिळ्यांचे आहेत. शिकारीत लांडग्याने किंवा अस्वलाने गळा धरू नये, म्हणून.

• हॅम्पशरमधल्या सेलबोर्नला गिल्बर्ट व्हाइट या निसर्गवेड्या पाद्र्याचं घर आहे. १७८९ मध्ये आलेलं त्यांचं गावच्या निसर्गावरचं पुस्तक आजही छापलं जातं. त्यांच्या बागेत टिमथी नावाचं कासव होतं. ते ‘टिमथीबाई’ असल्याचं कळलं ते तिच्या मृत्यूनंतर, कवच तपासलं तेव्हा!

• ग्लॉस्टरशरच्या स्नोजहिल मॅनरमध्ये चार्ल्स वेड यांनी बावीस हजारांवर वस्तू जमवल्या. सायकली, चरखे, वाद्यं आणि चक्क २६ सामुराई चिलखतं. घर वस्तूंना देऊन ते स्वतः अंगणातल्या छोट्या घरात राहत.

ते सफरचंद कुठे पडलं?

लिंकनशरमधल्या वूल्सथॉर्प मॅनरमध्ये. न्यूटन इथे जन्मला आणि १६६५ च्या प्लेगमुळे केंब्रिज बंद पडलं तेव्हा इथेच परतला. त्याच्या बागेतलं ते झाड १८२० मध्ये वादळाने आडवं झालं, पण मुळं जिवंत होती. त्यातून पुन्हा फुटून ते आजही उभं आहे. जात ‘फ्लॉवर ऑफ केंट’, फळ आंबट, खाण्यापेक्षा शिजवायला बरं. या झाडाचा एक तुकडा २०१० मध्ये अंतराळयानातून जाऊन आला. जिथे सफरचंद खाली पडतच नाही अशा जागी! आणि डॉ. जयंत नारळीकरांनी पुण्यात उभारलेल्या आयुकाच्या आवारातही या झाडाच्या वंशातली रोपं लावली होती.

स्वतःला कोंडून घेणारं गाव

इथे पाऊल जरा हळू टाकू या. डर्बीशरच्या डोंगरातलं ईयम गाव. १६६५ मध्ये लंडनहून शिंप्याकडे कापडाचं गाठोडं आलं, त्यातल्या पिसवांबरोबर प्लेगही आला. गावचे पाद्री विल्यम माँपेसन यांनी गावकऱ्यांना विनवलं: आपण गाव सोडायचं नाही, रोग शेजारच्या गावांत न्यायचा नाही. लोकांनी ऐकलं. शिवेवरच्या दगडात खळगे होते, त्यांत व्हिनेगर भरून नाणी ठेवायची. बाहेरची माणसं धान्य ठेवून नाणी घेऊन जायची. चौदा महिन्यांत २६० माणसं गेली. एलिझाबेथ हॅन्कॉक या बाईंनी आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं आपल्या हातांनी पुरली. त्या कबरी माळावर आहेत. तो खळग्यांचा दगडही शिवेवर तसाच आहे. टाळेबंदी अनुभवलेल्या आपल्या पिढीला त्यात बोट घालून बघताना काहीच समजावून सांगावं लागत नाही.

परसातली झोपडी आणि मुंबईची मुलगी

ब्रिस्टल आणि ग्लॉस्टरच्या मधे बर्कली नावाचं गाव आहे. तिथे डॉ. एडवर्ड जेन्नर यांचं घर आहे. १४ मे १७९६ रोजी त्यांनी सेरा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या गोस्तनदेवीच्या फोडातला द्रव घेतला आणि माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला, जेम्स फिप्सला, टोचला. गाईचं नाव ब्लॉसम. देवीच्या लशीची सुरुवात ही! परसात लाकडाची, गवती छपराची झोपडी अजून उभी आहे. गोरगरिबांना डॉक्टर तिथे फुकट देवी टोचायचे.

त्याआधी जेन्नर यांनी कोकिळकुळातल्या कक्कूचा माग काढला होता. परक्या घरट्यात जन्मलेलं डोळेही न उघडलेलं पिल्लू पाठीच्या खोलगट भागावर दुसऱ्यांची अंडी घेऊन बाहेर ढकलतं, हे त्यांनी मांडलं, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. रॉयल सोसायटीचं सदस्यत्व त्यांना मिळालं ते या कामावर.

आता आपला धागा. तेव्हा शीतपेट्या नव्हत्या. लस बरेचदा एका माणसाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, असा प्रवास करायची. बगदाद आणि बसऱ्यामार्गे ती मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉल या मुलीला टोचली गेली. भारतातली ही पहिली लस. तिच्या दंडावरून ती देशभर पसरली. १९८० मध्ये देवी रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. आजी-आजोबांच्या दंडावरची ती गोल खूण बर्कलीच्या या परसापर्यंत जाऊन भिडते.

काशीनरेशाची विहीर

रेडिंगपासून गाडीने अर्ध्या तासावर स्टोक रो हे खेडं आहे. तिथे हिरवळीवर अचानक एक सोनेरी घुमट दिसतो, आणि घुमटाखाली सोनेरी हत्ती! आजूबाजूला खडूचा दगड, पाणी खूप खोल. इथल्याच एडवर्ड रीड या अधिकाऱ्याने काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना आपल्या गावाकडची हकीगत सांगितली होती. घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून एका पोराला मार बसला होता. महाराजांच्या मनात ती राहिली. त्यांनी विहीर बांधून दिली. १८६४ मध्ये ती खुली झाली. रुंदी जेमतेम चार फूट, खोली ३६८ फूट, म्हणजे कुतुबमिनाराच्या दीडपट. सगळी हातांनी खणलेली! देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बाग लावली, तिचं नाव ‘ईश्वरी बाग’. आपल्या देशाने विलायतेला दिलेलं पाण्याचं दान आहे हे. तिकीट नाही, रांग नाही. काठावर उभं राहून आत डोकावून या.

निघण्यापूर्वी

बरीच छोटी संग्रहालयं हिवाळ्यात बंद असतात किंवा आठवड्यातले ठरावीक दिवसच उघडतात, तेव्हा आधी चौकशी करा. खेड्यातल्या बसवर रविवारी भिस्त ठेवू नका. वूल्सथॉर्प आणि स्नोजहिल नॅशनल ट्रस्टकडे आहेत. बरीच ठिकाणं बघणार असाल, तर वर्षभराचं सदस्यत्व वसूल होतं. सप्टेंबरमधल्या ‘हेरिटेज ओपन डेज’मध्ये असंख्य वास्तू फुकट बघता येतात. आणि स्कोन खाताना लक्षात ठेवा: डेव्हनमध्ये आधी साय, मग जॅम, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम, मग साय.

शेवटचं एक काम. दाराशी अभिप्रायाची वही असेल, तर तिच्यात मराठीत लिहा. टेबलामागे बसलेले स्वयंसेवक आजी-आजोबा कुतूहलाने विचारतील, काय लिहिलंत? बर्कलीला असाल, तर त्यांना मुंबईच्या त्या तीन वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगा. त्यांच्या परसातल्या गोष्टीचा आपल्याकडचा अर्धा भाग आपणच त्यांना सांगायला हवा.