उत्तरक्रियेविना मृत : झॉम्बीपटांतील श्रद्धा

झॉम्बीपटांतील धर्मविचाराची चर्चा बहुधा जगबुडी, अंतिम निवाडा आणि देवाचा कोप यांभोवती फिरते. परंतु या चित्रपटांच्या मुळाशी असलेला प्रश्न त्याहून जुना आहे, आणि तो म्हणजे जिवंत माणसे मृतांचे काय देणे लागतात.

पश्चिम आफ्रिकी देवतापूजा आणि कॅथलिक आचार यांच्या संयोगातून हैतीतील गुलामांमध्ये घडलेल्या व्होडू धर्मात झॉम्बी हा माणसे खाणारा राक्षस नाहीच. बोकोर, म्हणजे मोल घेऊन करणी करणारा मांत्रिक, ज्याला थडग्यातून उठवून राबवतो, असा तो इच्छाशक्ती हिरावलेला देह होय. ऊसमळ्यांत खपणाऱ्या गुलामाला मृत्यूनंतर आत्मा पूर्वजांच्या गिनी भूमीत परततो एवढाच दिलासा होता, आणि झॉम्बी होणे म्हणजे तोही बुडणे; त्यामुळे तेथील भीती झॉम्बीने गाठण्याची नसून स्वतः झॉम्बी होण्याची होती. अमेरिकी फौजा हैतीत असतानाच (१९१५–१९३४) विल्यम सीब्रुकचे ‘द मॅजिक आयलंड’ (१९२९) हे प्रवासवर्णन गाजले, त्यामागून ‘व्हाइट झॉम्बी’ (१९३२) आला, आणि साखर कारखान्यात राबणारे मृत त्यात दिसत असले तरी करुणेचा सारा रोख मांत्रिकाच्या तावडीत सापडलेल्या गोऱ्या नववधूकडे वळला.

जॉर्ज रोमेरोने ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये (१९६८) मांत्रिकच काढून टाकला. शुक्राहून परतणाऱ्या यानाच्या किरणोत्साराचा उल्लेख येतो, पण त्यावर कोणाचेच एकमत होत नाही, आणि दोषी सापडत नसल्यामुळे पश्चात्तापालाही पत्ता उरत नाही. पेनसिल्व्हेनियातील दफनभूमीत भावंडे वडिलांच्या थडग्यावर पुष्पचक्र ठेवायला येतात, बहीण प्रार्थना करते, भाऊ तिची टर उडवतो, आणि तेथेच पहिला मृत अंगावर येतो. पुढे दूरचित्रवाणीवरील तज्ज्ञ बजावतो की प्रेते तत्काळ जाळावीत, अंत्यविधीचा दिलासा आप्तांनी सोडून द्यावा. अखेरीस बेन या कृष्णवर्णीय नायकाला मृत समजून गोळी घातली जाते आणि त्याचा देह आकड्यांनी उचलून चितेवर टाकला जातो. दहन हाच संस्कार मानणाऱ्या मराठी प्रेक्षकाला येथे अग्नी खटकत नाही; खटकते ते हे की त्या अग्नीला मंत्र नाही आणि मृताला नाव नाही.

‘डॉन ऑफ द डेड’ (१९७८) मॉलमधील उपहासासाठी वाखाणला जातो, आणि ती वाखाणणी जरा अतीच झाली आहे. त्याआधीच्या इमारतीच्या प्रसंगात गरीब रहिवासी सरकारी आज्ञा मोडून आपले मृत तळघरात लपवतात, कारण मरणालाही मान असतो ही त्यांची श्रद्धा सुटलेली नसते. तेथील एकपायी धर्मगुरू त्या मृतांना अंतिम संस्कार देतो.

पुढच्या चित्रपटांनी हा धागा क्वचितच उचलला. ‘२८ डेज लेटर’मध्ये (२००२) प्रेतांनी भरलेल्या चर्चमधून संसर्गग्रस्त पाद्री धावून येतो, एवढाच धर्म. ‘द बुक ऑफ ईलाय’ (२०१०) हा झॉम्बीपट नव्हे, आणि तो भाविकतेचा गाजावाजाही करतो, परंतु त्यातील एक कल्पना खरोखर मोलाची आहे: खलनायकाने हिसकावलेले बायबल ब्रेल लिपीत निघते, आणि ग्रंथ टिकतो तो ईलायच्या पाठांतरामुळे.

‘गो गोवा गॉन’ (२०१३) आणि मराठी ‘झोंबिवली’ (२०२२) यांत मृत थडग्यांतून उठत नाहीत. पहिल्यात अमली पदार्थ कारण ठरतो, दुसऱ्यात दूषित पाणी. प्रेत दहन करणाऱ्या समाजात याहून वेगळे फारसे शक्यही नव्हते, असे म्हणता येईल. तथापि प्रेतात शिरणारा वेताळ कथांतून आपल्या ओळखीचा आहे, आणि आरवलीचा वेतोबा किंवा गोव्यातील बेताळ म्हणून गावाचा राखणदारही आहे. ज्याला चपलांचा जोड वाहून नवस फेडला जातो, त्या मृतांच्या अधिपतीशी माणसाचा व्यवहार भीतीचा असला तरी शब्दाला जागण्याचा आहे; रोमेरोच्या घराण्यातील झॉम्बीशी असा कोणताच करार संभवत नाही.