एका मिलिमीटरच्या आतली कारागिरी

पुणे-नाशिक महामार्गावर मोशीच्या चौकात थोडा वेळ उभं राहिलं, तर चाकणकडे निघालेले कंटेनर आणि कंपन्यांच्या बसगाड्या यांची रांग काही तुटत नाही. गंमत म्हणजे यातल्या बहुतेक अवजड गाड्यांच्या इंजिनात स्पार्क प्लग नावाची वस्तूच नसते. डिझेल दाबाच्या उष्णतेनेच पेटतं. प्लग असतो तो त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या कार, रिक्षा आणि दुचाक्यांमध्ये. त्यांचं सगळं दुखणंखुपणं बघणारी छोटी गॅरेजं देहू-आळंदी रस्त्याच्या आणि स्पाइन रोडच्या कडेला आहेत. कारखान्यांतली मापं मायक्रॉनमध्ये चालतात. या गॅरेजांतलं एक बारीक माप म्हणजे प्लगचा गॅप.

प्लगच्या मधल्या टोकापासून त्यावर वाकवलेल्या पट्टीपर्यंतचं अंतर म्हणजे हा गॅप. फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा मिश्रण पेटवावं लागतं. गॅप फार कमी असेल तर ठिणगी खुजी पडते, मिश्रण नीट धरत नाही आणि गाडी उभ्या जागी थरथरते. फार वाढला तर ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. दाबाखालच्या हवेतून वीज उडवणं आणखी अवघड. म्हणून वाढलेल्या गॅपची गाडी सपाटीला गोड चालते आणि बोरघाटात पाय दाबला की झटके मारते. ‘पिकअप धरत नाही, मिसिंग करतेय’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला चांगला मिस्त्री आधी हेच विचारतो, की चढाला करते का सपाटीला?

एके काळी हे काम घरोघरी चालायचं. आकुर्डीत बजाजची चेतक १९७२ पासून बनू लागली आणि तिच्या डिकीत प्लगपाना ठेवणं हा संसाराचाच भाग झाला. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर ऑइलही जाळतं, त्यामुळे प्लग काळा पडायचा. तो काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, गॅप बघायचा आणि किक मारायची. गॅप मोजायचं फीलर गेज कुणाकडे असायचं? हॅकसॉचं पातं असायचं. त्याची जाडी साधारण पंचवीस थाऊ (इंचाचे हजारांश), म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या किंचित वर, आणि त्या काळच्या प्लगला नेमकं तेवढंच हवं असायचं. फक्त पात्याची पाठ वापरायची, कारण दाते दोन्ही बाजूंना वाकवलेले असल्याने तिथे पातं जाड भरतं.

कारचं दुखणं थोडं वेगळं होतं. डेल्कोमधले, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले, पॉइंट झिजायचे, कॉइलचा जोर बेताचा, म्हणून गॅपही बेताचा ठेवावा लागे. पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, कॉइलचं व्होल्टेज वाढलं आणि गॅपही ०.८ ते १.१ मिलिमीटरपर्यंत गेला. आकुर्डीच्याच बजाजने २००३ मध्ये पल्सरला डीटीएस-आय तंत्र देऊन एका सिलिंडरला दोन प्लग बसवले. पुढे इरिडियमचे प्लग आले, त्यांचं मधलं टोक जाडीला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, इतकं नाजूक की त्याला हात लावू नये. हे काम आता संपलं, असं वाटावं अशीच ही वाटचाल होती.

पण सीएनजीने ते परत आणलं, असं माझं मत आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये रिक्षा, टॅक्सी, कंपनीच्या कामाला लावलेल्या कार, सगळ्या गॅसवर पळू लागल्या. गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे थोडा वाढलेला गॅपही लगेच जाणवतो. गाडी पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर टाकली की मिसिंग, हे त्याचं नेहमीचं लक्षण. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत म्हणून गॅप ०.७ च्या आसपास आणतात. कंपनीतूनच सीएनजी होऊन आलेल्या गाडीत मात्र हात आवरावा. तिचं माप पुस्तिकेत दिलेलं असतं.

काम बघण्यासारखं असतं. इंजिन थंड होऊ द्यायचं. कॉइल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यात आधी हवा मारायची, नाहीतर महामार्गाची धूळ सरळ सिलिंडरमध्ये उतरते. प्लग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने फडक्यावर मांडायचे, म्हणजे आजारी सिलिंडर कोणता ते कळतं. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलसर तेलकट म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलं. तांबूस रंग निरोगी समजतात, पण तो पेट्रोलचा हिशेब झाला. गॅसवरचा प्लग फिकट दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. गॅस स्वच्छच जळतो.

मग फीलर गेज. कागद दोन बोटांत धरून ओढावा तसा पत्ता किंचित अडखळत निघाला पाहिजे. गॅप कमी करायचा तर बाहेरची पट्टी हलकेच ठोकायची, वाढवायचा तर तीच किंचित उचलायची. मधल्या टोकाला टेकू देऊन पट्टी उचकटणारा हात दिसला की समजावं, सिरॅमिकला तडा जाणार. जुन्या प्लगमध्ये आणखी एक फसगत आहे. पट्टीवर खड्डा पडलेला असला तर सपाट पत्ता खड्ड्यावरून सरकतो आणि गॅप खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. तिथे गोल तारेचं गेजच खरं बोलतं. आणि खड्डा पडलाच असेल, तर गॅप जुळवत बसण्यापेक्षा प्लग बदलावा.

परत बसवताना पहिले आटे हातानेच. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, पान्याने आडवा घातलेला प्लग आटे खातो आणि काही मिनिटांचं काम हेड उतरवण्यापर्यंत जातं. वायसर असलेला नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याचा साधारण अर्धा फेरा पुरतो.

आज स्कॅनर लावला की पी०३०१ असा कोड येतो; म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पण ते प्लगमुळे, कॉइलमुळे की इंजेक्टरमुळे, हे कोड सांगत नाही. शहाणा मिस्त्री अशा वेळी पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर टाकून बघतो. कोड पी०३०२ झाला तर कॉइल दोषी. नाही झाला तर पाना हातात घ्यायचा.

इरिडियम प्लगचा गॅप फक्त तपासावा, आणि चुकला असेल तर प्लग दुकानात परत करावा; त्या नाजूक टोकापाशी हातोडी नेऊ नये. साधे नवे प्लग जुळवूनच येतात, तरी खोक्यात आपटून पट्टी दबलेली निघते, म्हणून बसवण्याआधी गेज फिरवणं सोडू नये. पुढच्या सर्व्हिसिंगला पुस्तिकेतलं माप मिस्त्रीला दाखवा आणि काढलेले प्लग क्रमाने परत मागून घ्या.