लाखेच्या तबकड्या

वाचकहो, आपल्या घरच्या माळ्यावर बालगंधर्वांची अथवा अब्दुल करीम खाँसाहेबांची एखादी जुनी तबकडी पडून असेल, तर ती मोडीत घालण्यापूर्वी क्षणभर थांबावे. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ही काळी चकती लाखेची असते. आणि लाखेचे किडे ज्यांवर पोसले जातात ते कुसुंब, पळस व बोरीचे वृक्ष रायपूरभोवतीच्या छत्तीसगडातही विपुल आहेत.

१९०२ साली कलकत्त्यास गोहरजान यांचे गायन मुद्रित झाले. त्या काळी तबकड्या जर्मनीतील हानोव्हर येथे छापल्या जात. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात कारखाना निघाला. तोवर आपली लाख विलायतेस जाई आणि गाणे होऊन परत येई!

परंतु देशोदेशी तबकड्यांचे नशीब सारखे नव्हते. इंग्लंडच्या थंड हवेत त्या सहसा सरळ राहिल्या. रायपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उष्णतेत नीट न ठेवलेली तबकडी वाकते, आणि पावसाळ्यात तिला बुरशी धरते. शिवाय लाखेत दगडाची पूड मिसळलेली असल्याने पोलादी सुई झिजते. म्हणून दर बाजूस नवी सुई लावावी लागे. काटकसरीने तीच सुई पुनःपुन्हा वापरली की तिची धार खाच कोरू लागे. ज्या घरी गाणे लाडके, त्याच घरची तबकडी अधिक खरखरते!

मात्र सारा दोष हवेचा नव्हे. १९४२ साली युद्धामुळे अमेरिकेत लाखेवर निर्बंध आले. जुन्या तबकड्या दळून नव्या केल्या गेल्या. त्यांत खरखर अधिक. उलट पश्चिमेत ७८ फेऱ्यांची तबकडी मागे पडल्यावरही भारतात ती १९६० नंतर निघत होती. बीटल्सची गाणीही येथे तशी निघाली. त्या प्रती परदेशी संग्राहक आवर्जून शोधतात.

आपल्याकडील तबकड्या उभ्या ठेवाव्यात, ऊन लागू देऊ नये, आणि मऊ ओलसर फडक्याने मधला कागद न भिजविता पुसाव्यात. स्पिरिट कदापि लावू नये. त्यात लाख विरघळते. कित्येक गाण्यांचे मूळ साचे आज उरलेले नाहीत. अशा गाण्याची अखेरची प्रत कदाचित आपल्याच ट्रंकेत असेल. ती फुटली, तर तो स्वर पुन्हा कोणाच्याही कानी पडणार नाही.