रंग वारशाने, गाणं शिकून

मी मूळची साताऱ्याची. बंगळुरूत पक्ष्यांची जनुकं आणि त्यांची गाणी यांवर काम करते. पहाटे माझ्या खिडकीबाहेर दोन गायक असतात, कोकीळ आणि दयाळ. या दोघांपासूनच सुरुवात करू.

कोकीळ कावळ्याच्या घरट्यात वाढतो. लहानपणभर कावकाव ऐकतो, तरी मोठेपणी ‘कुहू’च म्हणतो. त्याचं गाणं उपजत असतं. दयाळचं तसं नाही. तो ज्या गटातला आहे, त्या गटातले पक्षी गाणं मोठ्यांकडून ऐकून, चुकतमाकत शिकतात. शिकण्याची तयारी मात्र जनुकांतून येते. झेब्रा फिंच या लहान पक्ष्याच्या पिल्लांच्या मेंदूत शास्त्रज्ञांनी ‘फॉक्सपी-टू’ या जनुकाचं काम कमी केलं, तेव्हा ती पिल्लं वडीलधाऱ्या पक्ष्याची नीट नक्कल करू शकली नाहीत. म्हणजे कान आणि गळा वारशाने मिळतात, चीज गुरूकडून.

आता रंग. काळा, तपकिरी, तांबूस हे बहुतेक वेळा मेलॅनिनचे रंग. पक्ष्याचं शरीर ते स्वतः बनवतं. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, पण खाल्लेलं रंगद्रव्य पिसात उतरवायचं कसं, हे जनुकंच ठरवतात. निळ्याची तर गंमतच आहे. निळ्या पिसात सहसा निळं रंगद्रव्यच नसतं! पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश असा परततो, की आपल्याला निळं दिसतं.

असाच एक निळा पक्षी पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडच्या उंच डोंगरांवर, शोला जंगलात राहतो. पालघाट खिंडीच्या उत्तरेला, नीलगिरीत, त्याच्या पोटाच्या बाजू तांबूस असतात. दक्षिणेला त्या राखी-निळ्या असतात. त्याला खाली उतरून खिंड ओलांडता येत नाही. जणू डोंगर ही बेटं आणि खिंड हा समुद्र. दिसण्यावरून शास्त्रज्ञांनी या पक्ष्यांना अनेकदा दूरच्या हिमालयी पक्ष्यांच्या पंगतीत बसवलं होतं. बंगळुरूच्या एनसीबीएस या संस्थेतून उमा रामकृष्णन, व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी डीएनए, रंग आणि गाणी तपासली. २०१७ मध्ये त्यांनी या पक्ष्यांचा ‘शोलिकोला’ हा स्वतंत्र गट मांडला. शेंकोट्टाच्या खिंडीपलीकडे, अगदी दक्षिणेला, त्यातली एक नवी जातही निघाली. इतकी वर्षं ती डोळ्यांसमोरच होती.

ही ताटातूट निसर्गाने लाखो वर्षांत केली. आज चहाचे मळे, निलगिरी आणि वॅटलच्या लागवडी नव्या खिंडी पाडत आहेत. जनुकांत फरक पडायला हजारो पिढ्या लागू शकतात. गाण्याला तेवढा वेळ लागत नाही. माझी मुलगी बंगळुरूत वाढली. चेहरा माझ्या आईचा, पण मराठीला कन्नडचा हेल. एका पिढीत!

गुरूच उरले नाहीत तर काय होतं, ते ऑस्ट्रेलियात दिसलं. रीजंट हनीईटर हा पक्षी तिथे आता जेमतेम काही शे उरला आहे. २०२१ च्या अभ्यासात आढळलं, की साधारण १२ टक्के नरांना आपल्या जातीचं गाणंच येत नाही. ते दुसऱ्याच पक्ष्यांची गाणी गातात, आणि त्यांना जोडीदार मिळणं अवघड होतं. पिंजऱ्यात वाढवलेल्या पिल्लांना आता माणसं त्यांचं गाणं ऐकवून शिकवत आहेत.

म्हणून मला पक्षी मोजणं पुरेसं वाटत नाही. रंग पुढच्या पिढीला अंड्यातून मिळतो. गाणं मिळण्यासाठी जवळच्या फांदीवर कुणीतरी गाणारं लागतं. उद्या सकाळी दयाळ ऐकलात, तर क्षणभर थांबा. ते गाणं त्याला कुणीतरी शिकवलेलं आहे.