जुनी गाडी, न सांगितलेले बदल : "तुम्ही विचारलंच कुठं?" हे उत्तर कायद्यात टिकते का?

समजा, जुन्या नाशकातल्या एका फर्निचर कारागिराने माल पोहोचवण्यासाठी सेकंड हँड व्हॅन घेतली. सौदा सव्वातीन लाखांना ठरला. निम्मी रक्कम साठवलेली, उरलेली मेहुण्याकडून उसनी. रंग चकचकीत, टायर बरे, इंजिनाचा आवाज ठीक. पेट्रोलबरोबर गॅसवरही चालते म्हणून तो खूश. दोन महिन्यांनी विम्याचे काम निघाले तेव्हा कळले की आरसीवर इंधन फक्त पेट्रोल लिहिलेले आहे. गॅसचे किट कुठल्या तरी गॅरेजात बसवलेले, सिलिंडरच्या तपासणीचा कागद नाही. ओळखीच्या मिस्त्रीने गाडी वर घेऊन पाहिली तर पुढचा भाग कापून दुसऱ्या गाडीचा जोडलेला. विकणाऱ्याकडे गेला तर उत्तर तयार होते : "भाई, गाडी पाहूनच घेतली ना? तुम्ही विचारलंच कुठं?"

हे उत्तर आमच्या वाचकांपैकी अनेकांनी ऐकले असेल, काहींनी दिलेही असेल. गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, स्पेअर पार्ट आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री या धंद्यांत आपले पुष्कळ लोक आहेत. म्हणून हा विषय जितका घेणाऱ्याचा तितकाच विकणाऱ्याचा आहे. "विचारले नाही" हे उत्तर कधी टिकते आणि कधी टिकत नाही, ते आम्ही येथे मांडत आहोत.

कोणता बदल चालतो, कोणता नाही

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. मान्यताप्राप्त गॅस किट बसवणे, परवानगीने इंजिन बदलणे अशा गोष्टींना वाट आहे. पण त्यांची नोंद आरसीवर व्हावी लागते. इंजिन बदलल्यास 14 दिवसांत आरटीओला कळवावे लागते. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याचीही संमती लागते. गॅसच्या सिलिंडरची ठरावीक मुदतीने दाब-तपासणी करावी लागते.

जानेवारी 2019 मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ स्पष्ट केला : कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल राज्याच्या नियमाचा आधार घेऊनही करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही आली. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

एकेकाळी पेट्रोलच्या अ‍ॅम्बॅसिडरला डिझेल इंजिन बसवणे ही नेहमीची गोष्ट होती. कारागिरी म्हणून त्यात कौशल्य होतेच. पण आज असा बदल कागदावर नसेल तर त्याचा भार गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो. रस्त्यात अडवल्यावर पोलीस आधीच्या मालकाला शोधत बसत नाहीत, समोरच्यालाच विचारतात. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढून नुकसानभरपाई अडवू शकते.

कायद्यातला घोडा

आता मूळ प्रश्न. आपला करार कायदा 1872 चा आहे. त्या काळी मोटारी नव्हत्या, म्हणून त्याच्या कलम 17 मध्ये घोड्याचे उदाहरण दिले आहे. एक जण लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. मात्र घेणारा म्हणाला की तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन, आणि तरीही विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते. म्हणजे तीही फसवणूक.

सगळा फरक त्या एका प्रश्नात आहे. नुसते गप्प राहणे कायदा बरेचदा माफ करतो. प्रश्न विचारल्यावर गप्प राहणे किंवा खोटे बोलणे माफ करत नाही. तसेच एखादी गोष्ट लपवण्यासाठी मुद्दाम काही केले असेल, उदाहरणार्थ वेल्डिंगवर पुट्टी भरून रंग मारला, किलोमीटरचा काटा मागे फिरवला, तर तेथे मौनाचा प्रश्नच उरत नाही. ती कृतीने केलेली फसवणूक आहे आणि तो सौदा रद्द करून मागता येतो.

पण याच कायद्याच्या कलम 19 मध्ये घेणाऱ्यालाही एक ताकीद आहे. साधी काळजी घेतली असती तर खरी गोष्ट कळली असती, असे असेल तर विकणाऱ्याच्या मौनाबद्दल किंवा चुकीच्या माहितीबद्दल सौदा मोडता येत नाही. 1930 च्या मालविक्री कायद्यातही असेच आहे. त्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला तर तो विकण्यायोग्य दर्जाचा असलाच पाहिजे. मात्र घेणाऱ्याने माल तपासला असेल तर त्या तपासणीत दिसायला हवा होता असा दोष त्याच्या पदरात पडतो. आपल्या कारागिराच्या बाबतीत पाहा : आरसीवरचे "पेट्रोल" हा शब्द वाचता आला असता, तेथे त्याची बाजू लंगडी पडते. पुट्टीखालचा वेल्ड साध्या नजरेला दिसत नाही, तेथे त्याची बाजू भक्कम आहे.

ग्राहक कोण?

या जुन्या कायद्यांखाली दाद मागायची तर दिवाणी न्यायालयात जावे लागते. ग्राहक आयोगाचा मार्ग सोपा आणि स्वस्त आहे, पण तेथे पहिला प्रश्न हाच येतो : गाडी धंद्यासाठी घेतली, मग तुम्ही ग्राहक कसे?

याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका लघुउद्योजकाच्या खटल्यातून मिळाले. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या संस्थेने घेतलेले यंत्र सदोष निघाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि एप्रिल 1995 मध्ये निकाल लागला. यंत्राची किंमत आणि कामाचा व्याप पाहता ती खरेदी व्यापारी ठरली आणि उद्योजक हरला. पण त्या निकालाने छोट्या माणसासाठी दार उघडे ठेवले. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा, ट्रक किंवा लेथ घेणारा माणूस ग्राहकच आहे; मदतीला एक-दोन माणसे किंवा घरची मंडळी असली तरी तो हक्क जात नाही. मात्र गाडी घेऊन ती पूर्णपणे दुसऱ्याच्याच हाती चालवायला दिली तर तो ग्राहक नाही. 2019 च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही स्वयंरोजगाराची ही सवलत कायम ठेवली आहे. म्हणून तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहावे की गाडी मी स्वतः वापरतो आणि त्यावर माझे पोट आहे.

विकणारा कोण?

दुसरा प्रश्न विकणाऱ्याचा. शेजाऱ्याने आपली घरची गाडी विकली तर तो व्यापारी नव्हे. त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. तेथे दिवाणी दावा, आणि ठरवून फसवले असेल तर पोलिसांत फिर्याद. गाड्यांचा धंदा करणारा डीलर मात्र आयोगाच्या कक्षेत येतो. दलालाने दलाली घेऊन माहिती दडवली असेल तर त्याच्याविरुद्ध सेवेतील त्रुटीची तक्रार मांडता येते. 2019 च्या कायद्याने महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हे त्रुटीच्या व्याख्येतच घातले आहे.

एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी केंद्राचे वेगळे नियम लागू झाले आहेत. डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचे, ते पाच वर्षे चालते. गाडी विक्रीसाठी ताब्यात आली की नमुना 29 सी भरून कळवायचे. त्यानंतर ती विकली जाईपर्यंत डीलरच मालक धरला जातो. घेणाऱ्याने हे अधिकारपत्र दाखवायला सांगावे, त्यात संकोच कसला?

तक्रार कोणाविरुद्ध करायची हेही नीट ठरवावे. गोव्यात एका ग्राहकाने 2011 च्या नव्या मोटारीचे पूर्ण पैसे भरले आणि त्याला मिळाली 2009 ची, 622 किलोमीटर पळालेली आणि खालून गंजलेली गाडी. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डीलरच्या या कृत्याची माहिती टाटा मोटर्सला होती असे दाखवले नसल्याने कंपनी जबाबदार नाही, जबाबदारी डीलरची. गाडीवर मोठ्या कंपनीचे नाव आहे म्हणून ती कंपनी प्रत्येक वेळी भरून देईल असे समजू नये.

तक्रार कशी करावी

दोष कळताच दुरुस्ती करून घेऊ नये. दुरुस्तीत पुरावाच जातो. आधी फोटो काढावेत आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस स्टेशनकडून लेखी तपासणी अहवाल घ्यावा. मग विकणाऱ्याला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी : काय दोष आहे, काय हवे आहे, किती दिवसांत हवे आहे.

उत्तर आले नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जावे. विकणारा मुंबईचा किंवा सुरतेचा असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच पुरतो आणि पाच लाखांपर्यंत फी काहीच नाही. मुदत दोन वर्षांची आहे. वकील लावणे सक्तीचे नाही. ई-जागृति या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार करता येते आणि सल्ल्यासाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आयोग दोष दूर करायला, पैसे परत द्यायला किंवा भरपाई द्यायला सांगू शकतो. आदेश न पाळणाऱ्याला कैदेची तरतूद आहे.

मात्र पैसे मोजल्याचा कागद नसेल तर हे सगळे अवघड होते. रोखीचा, तोंडी सौदा आपल्याकडे विश्वासाचे लक्षण मानतात. प्रामाणिक माणसाला पावती लिहून देण्यात कमीपणा नाही. निदान मोठी रक्कम तरी बँकेतून द्यावी.

सौद्याआधी एवढे करावे

आरसी हातात घेऊन इंधन, रंग, आसनसंख्या आणि इंजिन व चेसिसचे नंबर गाडीशी ताडून पाहावेत. हीच माहिती सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवरही पाहावी. सर्व्हिसचा आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागावा. आपला मिस्त्री बरोबर न्यावा आणि गाडी खालून पाहावी. गाडी घेतल्यावर 14 दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. थर्ड पार्टी विमा आपोआप येतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही.

आणि इसार देण्यापूर्वी विकणाऱ्याकडून साध्या कागदावर असे लिहून घ्यावे :

"या गाडीचे इंजिन, चेसिस, बॉडी, इंधन यांत आरसीवर नोंद नसलेला कोणताही बदल माझ्या माहितीप्रमाणे झालेला नाही. गाडीला मोठा अपघात झालेला नाही. किलोमीटरचा काटा बदललेला नाही. असलेले बदल व दुरुस्त्या खाली लिहिल्या आहेत. हे खोटे ठरल्यास पैसे परत देईन."

खाली सही, तारीख आणि दोन साक्षीदार. घोड्याच्या उदाहरणातला प्रश्न तो हाच. विकणारा सही करायला कां-कूं करू लागला तर तेही एक उत्तरच समजावे.

विकणाऱ्या बांधवांसाठी

हाच कागद विकणाऱ्याचेही संरक्षण करतो. "पुढचा भाग बदललेला आहे, किटची नोंद नाही, म्हणून किंमत कमी" असे लिहून विकलेल्या गाडीबद्दल कोणी नंतर फसवणुकीचा आरोप करू शकत नाही. बेकायदा बदल मात्र आधी मोकळा करून किंवा नोंदवून मगच गाडी द्यावी.

मदिनेच्या बाजारातला प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. धान्याच्या ढिगात पैगंबरांनी (स.) हात घातला तेव्हा वर कोरडे आणि आत ओले धान्य निघाले. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर त्यांनी विचारले ते एवढेच की ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. माल भिजला हा दोष त्यांनी व्यापाऱ्याला लावला नाही, तो खाली दडवला हा लावला. फिकहमध्ये याच कारणाने लपलेल्या दोषाबद्दल माल परत करण्याचा हक्क मानला आहे.

देशाचा कायदा घेणाऱ्याने विचारले का, ते पाहतो. येथे मात्र न विचारताही सांगण्याची अपेक्षा आहे. गाडीची पुट्टी उकरून दाखवायला कोणी सांगत नाही. पुट्टीखाली काय आहे ते सौद्याआधी तोंडाने सांगावे आणि कागदावर लिहावे. मेहुण्याकडून उसने घेऊन आलेला कारागीर मग गाडी घेईल किंवा घेणार नाही. पण घेतली तर दोन महिन्यांनी भांडायला दारात येणार नाही, आणि पुढच्या वेळी भावालाही आपल्याकडेच पाठवील.